विश्लेषण : संगणकाच्या ‘ओव्हरक्लॉकिंग’ची हौस का ओसरली?

स्वस्तातला प्रोसेसर घ्यायचा, बायोसमधले दोन-चार आकडे बदलायचे आणि त्याला दुप्पट-तिप्पट किमतीच्या प्रोसेसरच्या वेगाने पळवायचे, हा एकेकाळी संगणकप्रेमींचा आवडता उद्योग होता. आज सहा गिगाहर्ट्झपर्यंत धावणारे प्रोसेसर थेट खोक्यातून मिळतात. त्यांचा वेग आणखी वाढवण्यासाठी रात्र-रात्र जागूनही हाती लागतात ते दोन-पाच टक्के. जाणकार मंडळी तर आता उलट व्होल्टेज कमी करण्याच्या मागे आहेत. हे कशामुळे घडले?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

प्रोसेसर एका ठरावीक तालावर काम करतो. मदरबोर्डवरील मूळ क्लॉकला एका गुणकाने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो. यांपैकी एक आकडा कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ग्राफिक्स कार्डाचेही तत्त्व तेच.

खोक्यावर छापलेला वेग ही चिपची कमाल क्षमता नसते, ती कंपनीची हमी असते. उकाड्यात, साध्या कूलरवर, अनेक वर्षे वापरूनही चिप बिनचूक चालेल असा वेग कंपनी छापते. एकाच सिलिकॉन चकतीवर तयार झालेल्या चिपही सारख्या नसतात. आंब्याच्या पेट्यांसारखी त्यांची प्रतवारी होते. पण बाजारात मागणी स्वस्त चिपना अधिक असते. त्यामुळे वरच्या प्रतीचा मालही खालच्या प्रतीचे लेबल लावून विकला जाई. लेबलावरचा वेग आणि खरी क्षमता यांच्यातील हा फरक म्हणजे ग्राहकाला नकळत मिळालेली सवलत होती. ती वसूल करणे हाच ओव्हरक्लॉकिंगचा खरा अर्थ.

सुवर्णकाळ कोणता?

१९९८ मध्ये आलेला इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. त्याचा गुणक ४.५ वर पक्का होता आणि क्लॉक ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डचा क्लॉक १०० वर नेला की वेग थेट ४५०! म्हणजे त्याच वर्षी आलेल्या, कितीतरी महाग ‘पेंटियम २’च्या बरोबरीचा. पेंटियमची कॅशे मेमरी प्रोसेसरबाहेर होती आणि निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनची कॅशे लहान, पण चिपवरच होती आणि पूर्ण वेगाने चाले. त्यामुळे स्वस्त चिप अनेक कामांत महाग चिपला गाठत असे.

दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनवर तर शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतील पेन्सिल चालली. चिपच्या पृष्ठभागावरील तुटक जोडण्यांवर शिसे घासले की वीज वाहू लागे आणि गुणकाचे कुलूप उघडे. पुढे ‘कोअर २ क्वाड क्यू६६००’चा क्लॉक २६६ वरून ३३३ वर नेऊन २.४ गिगाहर्ट्झचे ३ गिगाहर्ट्झ करणे हा तर पोरखेळ मानला जाई. २०११ चा ‘आय५-२५०० के’ ३.३ गिगाहर्ट्झचा होता; हवेवर चालणाऱ्या बऱ्यापैकी कूलरवर तो ४.५ पर्यंत जाई. तब्बल ३६ टक्के वाढ, तीही जवळपास फुकटात.

कुलूप कोणी लावले?

इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गुणक बंद केले, त्याला एक रास्त कारण होते. काही विक्रेते कमी वेगाच्या चिपवरील खुणा पुसून, वाढीव वेगाचे आकडे छापून त्या महाग विकत. मात्र २०११ च्या ‘सँडी ब्रिज’ पिढीत मूळ क्लॉकच असा बांधला गेला, की तो वाढवला तर पीसीआय एक्स्प्रेस, साटा, यूएसबी सारेच डळमळू लागे. गुणक मोकळा हवा तर नावात ‘के’ असलेला महाग प्रोसेसर आणि वरच्या श्रेणीचा मदरबोर्ड घेणे भाग पडू लागले. स्वस्त चिप महागासारखी पळवायची कला होती ती. आता महाग चिप आणखी पळवण्याच्या परवानगीसाठीच पैसे मोजायचे! २०१५-१६ मध्ये काही मदरबोर्ड उत्पादकांनी ‘स्कायलेक’ पिढीतील साध्या प्रोसेसरसाठी पळवाट शोधली, पण इंटेलने ती लवकरच बंद करायला लावली.

तरीही सारा दोष कुलपाला देता येत नाही. एएमडीने २०१७ पासून जवळपास सर्व रायझेन प्रोसेसरचे गुणक मोकळे ठेवले. हौस तिथेही ओसरलीच.

मग ती शिल्लक क्षमता गेली कुठे?

ती कंपन्यांनी स्वतःच वापरली. २००८ मध्ये इंटेलच्या पहिल्या कोअर आय७ मध्ये ‘टर्बो बूस्ट’ आले आणि २०१२ मध्ये एनव्हिडियाच्या ‘जीटीएक्स ६८०’ मध्ये ‘जीपीयू बूस्ट’. चिप स्वतःचे तापमान, वीजप्रवाह आणि वापर सतत मोजते आणि वाव दिसला की वेग वाढवते. कोणता कोअर अधिक दमदार आहे हेही तिला ठाऊक असते. माणसाने हाताने सर्व कोअरना एकच वेग ठरवून दिला, तर एका कोअरवरील कामात संगणक चक्क मंदावतो. रायझेन ३००० मालिकेत अनेकांनी हा अनुभव घेतला.

भौतिकशास्त्राचेही बंधन आहे. चिपचा वीजवापर वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग १० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर वीज लागते ३३ टक्के अधिक. ही सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. याच भिंतीला धडकून इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला होता. आजचा ‘आय९-१४९०० के’ खोक्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण पूर्ण भारात २५३ वॉटपर्यंत वीज ओढतो. त्यावर आणखी किती ताणणार?

शिवाय नुसत्या वेगाचे महत्त्वच घटले. एएमडीचा २०२२ चा ‘रायझेन ७ ५८००एक्स३डी’ कमाल ४.५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे त्याच्याच भावंडापेक्षा, ४.७ गिगाहर्ट्झच्या ५८००एक्सपेक्षा, मंद. वर ओव्हरक्लॉकिंगलाही बंद. तरी गेममध्ये तो पुढे, कारण चिपवर चढवलेल्या थरासह एकूण ९६ एमबी एल३ कॅशे. ग्राफिक्समध्येही एनव्हिडियाच्या डीएलएसएससारखे तंत्र एका क्लिकवर फ्रेम जितक्या वाढवते, तितक्या वाढवणे ओव्हरक्लॉकिंगच्या आवाक्याबाहेर आहे.

२०२४ च्या प्रकरणातून काय दिसले?

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील महागडे प्रोसेसर गेम खेळताना अचानक बंद पडू लागले. ज्यांनी बायोसला हातही लावला नव्हता, त्यांचेही. सुरुवातीला बोट दाखवले गेले ते मदरबोर्डांकडे, कारण अनेक बोर्ड मूळ सेटिंगमध्येच वीजमर्यादा मोकळी सोडत होते. पुढे प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत असल्याचे इंटेलने मान्य केले, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच बिघडलेली चिप या दुरुस्तीने सुधारत नाही.

एएमडीही यातून सुटली नाही. २०२३ मध्ये काही ‘७८००एक्स३डी’ प्रोसेसर जळाल्यावर व्होल्टेजच्या एका भागावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. पूर्वी कंपनी सावध असे आणि धोका पत्करे तो हौशी ग्राहक. आता स्पर्धेत दोन टक्के पुढे दिसण्यासाठी कंपन्यांनीच कडेलोटापर्यंत मजल मारली. त्यात ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. इंटेल त्यासाठी पूर्वी जादा पैसे घेऊन वेगळे संरक्षण देत असे. मागणी घटल्याचे सांगत तेही २०२१ मध्ये बंद झाले.

ग्राफिक्स कार्डांचे काय?

‘आरटीएक्स ४०९०’ला ४५० वॉट लागतात, ‘५०९०’ला ५७५. वीजमर्यादा कंपनी ठरवते आणि बायोस सहजी बदलता येत नाही. काही कार्डांत मेमरीसह थोडाफार वाव अजून आहे, पण जादा पैसे मोजून घेतलेली ‘ओसी’ आवृत्ती आणि साधी आवृत्ती यांतील फरक बहुतेकदा डोळ्यांना जाणवतही नाही. ओव्हरक्लॉकिंगच्या कार्डांसाठी नावाजलेली ईव्हीजीए ही कंपनी २०२२ मध्ये या व्यवसायातूनच बाहेर पडली.

उलटी गंगा का वाहू लागली?

चिप शेवटच्या काही टक्क्यांसाठी बेसुमार वीज खाते, म्हणून तेवढे टक्के सोडून देणे फायद्याचे ठरते. यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. एएमडीचे ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ आणि ‘इको मोड’ यासाठीच वापरले जातात. ४०९० ची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली तरी बहुतेक गेममध्ये वेगाचे नुकसान किरकोळ असते.

महाराष्ट्रात याचे महत्त्व अधिक. कूलर चिपला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशी परीक्षणे वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात नागपूर-जळगावात एसी नसलेल्या खोलीत हाच आकडा चाळिशीकडे जातो. तिथे वाचलेला प्रत्येक वॉट कूलरचा आवाजही कमी करतो. रोज चार तास वापरात १०० वॉट वाचले, तर महिन्याला १२ युनिट वाचतात. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक असेंबल करून घेणाऱ्याने ‘के’ प्रोसेसर, महाग बोर्ड आणि पाण्याचा कूलर यांवरचा जादा खर्च वरच्या ग्राफिक्स कार्डात घातला, तर गेममध्ये त्याला कितीतरी अधिक मिळते.

आता ओव्हरक्लॉकिंग करते तरी कोण?

एक तर विक्रमवीर. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन किंवा त्याहून थंड द्रव हेलियम ओतून त्यांनी २०२२ मध्ये ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला. तो वेग काही क्षणांचा, नोंदीपुरता. पण तिथे किमतीची नव्हे, कौशल्याची स्पर्धा असते.

दुसरे म्हणजे, नकळत ओव्हरक्लॉकिंग करणारे सामान्य ग्राहक. ‘६०००’ लिहिलेली डीडीआर५ रॅम लावली, तरी संगणक ती मुळात बहुधा ४८०० वरच चालवतो. छापील वेगासाठी बायोसमध्ये जाऊन इंटेलचे ‘एक्सएमपी’ किंवा एएमडीचे ‘एक्स्पो’ सुरू करावे लागते. दोन्ही कंपन्यांच्या लेखी हेही ओव्हरक्लॉकिंगच. अनेकांच्या संगणकात ते वर्षानुवर्षे सुरूच केलेले नसते.