गुडघा बदलल्यावर ‘करंटचे मशीन’ : कधी लावावे, किती भरवसा ठेवावा?

गुडघेबदल शस्त्रक्रिया झाली की बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते. वॉकर धरून चार पावले चालायची, मग गुडघा वाकवायचा, सरळ करायचा. सांधा नवा असला तरी भोवतालची त्वचा, स्नायू आणि मज्जातंतू जुनेच असतात आणि नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेने दुखावलेले असतात. त्यामुळे वेदना होणारच. पण दुखते म्हणून पाय हलवलाच नाही, तर सांधा आखडतो आणि मांडीचा स्नायू रोडावतो. या कोंडीत अनेकांना ‘टेन्स’ नावाचे यंत्र सुचवले जाते. बोलीभाषेत तेच ‘करंटचे मशीन’.

हे यंत्र मोबाइलएवढे असते आणि बॅटरीवर चालते. त्याला जोडलेले चिकट पॅड जखमेपासून थोडे दूर, गुडघ्याच्या आजूबाजूला लावतात. त्यातून विजेचे सौम्य ठोके त्वचेखालच्या मज्जातंतूंना मिळतात आणि मुंग्या आल्यासारखे वाटते.

कोपर आपटले की आपण ते लगेच चोळतो आणि बरे वाटते. यामागचे कारण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये ‘गेट कंट्रोल’ सिद्धांतातून मांडले. स्पर्शाचा संदेश जाड तंतूंतून वेगाने जातो, वेदनेचा बारीक तंतूंतून. मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. स्पर्शाचे संदेश मोठ्या संख्येने पोहोचले की वेदनेसाठी ते अर्धवट मिटते. टेन्स हेच चोळण्याचे काम विजेने करते. शिवाय शरीरात नैसर्गिकपणे तयार होणारी वेदनाशामक द्रव्येही त्यामुळे कामाला लागतात, असे पुढच्या संशोधनात दिसले.

प्रत्यक्षात उपयोग किती? अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गुडघेबदल झालेल्या ३१७ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला खरे टेन्स, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारे बनावट यंत्र, तर तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. टेन्स लावून व्यायाम करणाऱ्यांना गुडघा सरळ करताना आणि भरभर चालताना तिसऱ्या गटापेक्षा कमी दुखले. मात्र खऱ्या आणि बनावट यंत्रात ठळक फरक आढळला नाही. सहा आठवड्यांनंतर तर हा फायदा उरलाच नव्हता.

म्हणजे आरामाचा काही वाटा ‘आपल्यावर उपचार होत आहेत’ या भावनेचाही आहे. त्यात कमीपणा नाही. पण महागडे यंत्र विकत घेण्यापूर्वी हे माहीत असावे. दुसरी गोष्ट वेळेची. अनेक जण पलंगावर पडून मशीन लावतात आणि ते काढल्यावर व्यायामाला कंटाळतात. या चाचणीत टेन्सचा वापर व्यायामाच्या वेळी केला होता. पहिल्या काही आठवड्यांत व्यायाम सुसह्य व्हावा, एवढीच या यंत्राकडून अपेक्षा ठेवावी. डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांना तो पर्याय नाही. करंट स्पष्ट जाणवेल, पण दुखणार नाही, इतपतच ठेवावा. तो किती असावा हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे.

स्नायू आकुंचित करणारे विजेचे यंत्र वेगळे असते. ते मांडीच्या स्नायूची ताकद परत आणण्यासाठी वापरतात. दोन्ही यंत्रे सारखीच दिसतात, म्हणून आपल्याला कोणते लावले आहे हे विचारावे.

हृदयात पेसमेकर असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय टेन्स लावू नये. जखमेवर, चिघळलेल्या किंवा बधिर त्वचेवर पॅड चिकटवू नयेत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. करंट जास्त झाला तरी त्यांना कळत नाही.

पोटरी अचानक सुजली किंवा दुखू लागली, ताप आला, जखमेतून पू येऊ लागला, तर मशीन लावून वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर तडक रुग्णालय गाठावे. पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात पोहोचल्याची ती खूण असू शकते.