कपाटावरची भिंत

मुलांच्या वाचनालयातलं कपाट चार फुटांपेक्षा उंच नसावं. पहिलीतल्या पोराचा हात वरच्या फळीला पोचला पाहिजे. पण छत असतं दहा फुटांवर, त्यामुळे कपाटाच्या डोक्यावर पाच-सहा फूट भिंत मोकळी राहते. ती दिसली की शाळेत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला काहीतरी सुचतं. कुणाला सुविचार हवेत, कुणाला थोरामोठ्यांच्या तसबिरी, कुणाला टीव्हीवरची कार्टून. रंगाचे डबे येऊन पडतात तरी मुलांना कुणी विचारत नाही.

मी कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलाकडे बेंगळुरूला, सर्जापूर रोडला आले आणि घराजवळच्या एका शाळेच्या वाचनालयात मदतीला जाऊ लागले. इथे एकेका वर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, बंगाली बोलणारी मुलं शेजारी बसतात. मराठी एखाददुसरंच. अशा मुलांच्या भिंतीवर वाक्य लिहायचं तर कुठल्या भाषेत? चित्राला ती अडचण नाही. माझी कसोटी एकच आहे: चित्र बघून झाल्यावर मुलाचा हात खालच्या फळीकडे गेला पाहिजे. तसं होत नसेल तर ती सजावट पाहुण्यांसाठी झाली.

हीच मोकळी भिंत न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतही होती. तिथे रॉबिन हूड फाउंडेशनने शाळांची वाचनालयं नव्याने उभी करायला घेतली, तेव्हा मायकेल बेरूट या डिझायनरला कपाटं आणि छत यांच्यामधल्या जागेचं काय करायचं हा प्रश्न पडला. पहिल्या वाचनालयात त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी काढलेले तिथल्याच मुलांचे मोठमोठे फोटो लागले. पुढे वेगवेगळ्या शाळांच्या भिंती वेगवेगळ्या चित्रकारांकडे गेल्या. एकच नक्षी सगळीकडे छापली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे महाबळेश्वरजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं, तेव्हाही घरांच्या भिंती चित्रकारांनी रंगवल्या. घराघरात वेगळ्या प्रकारची पुस्तकं, म्हणून चित्रंही वेगळी.

पण किती रंगवायचं? इथे मला शास्त्रज्ञांचा आधार घ्यावासा वाटतो, कारण ‘भिंत भरगच्च हवी’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या मुलांना कधी चित्रांनी गच्च भरलेल्या खोलीत, तर कधी मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवून पाहिलं. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि त्यांना धडाही कमी समजला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या साल्फर्ड विद्यापीठाने २७ शाळांचे १५३ वर्ग तपासले. त्यांचा सल्ला असा, की भिंतीचा २० ते ५० टक्के भाग रिकामा ठेवावा. ही दोन्ही कामं वर्गखोल्यांवरची आहेत. पण वाचनालयात तर मूल मान खाली घालून वाचणार, तिथे डोळ्यांना विसावा आणखीच हवा. म्हणून खिडकीसमोरची भिंत रंगवली तर शेजारची फिकट, एकरंगी ठेवायची, हे मी हट्टाने धरून बसले.

खिडकीसमोरच्या भिंतीवर काय काढायचं, ते मुलांनीच सांगितलं. याच रस्त्यावर कैकोंड्रहळ्ळीचं तळं आहे. झोळीसारख्या चोचीचा पेलिकन, पंख पसरून उन्हात बसलेला पाणकावळा, जांभळी पाणकोंबडी, बगळे हे सगळे तिथले रहिवासी. मुलांनी तळ्यावर बसून कागदावर रेखाटनं केली. त्यातली निवडक आम्ही चौकटी पाडून मोठी केली आणि भिंतीवर चढवली. सरळ रेघेसाठी काव लावलेली सुतळी दोन्ही टोकांना ताणून झटकायची. ही जुनी रीत पट्टीपेक्षा बिनचूक ठरते. एकेक पक्षी निदान दीड फुटाचा, कारण वरच्या भिंतीवरचं चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलाला दिसायचं असतं. आणि बरोबर त्याच भिंतीखालच्या फळीवर पक्ष्यांची पुस्तकं.

रंगाआधी भिंतीची ओल तपासावी. इथला पाऊस लांबतो, आणि ओलीवर पुट्टी मारली तर वर्षाच्या आत पापुद्रे सुटतात. रंग पाण्यात मिसळणारा आणि मॅट घ्यावा. तकाकीवर ट्यूबलाइट चमकते आणि चित्र दिसत नाही. ऑइलपेंटचा वास बंद खोलीत दिवसेंदिवस राहतो. फळ्याचा काळा रंग देऊन मुलांना खडूने लिहू द्यावं, ही सूचना फार लाडकी आहे. मी ती वाचनालयात कधीच मान्य करणार नाही, कारण खडूची भुकटी पानापानांत जाऊन बसते.

कार्टूनच्या आग्रहालाही उत्तर द्यावं लागलं. ती चित्रं कुणाच्या तरी मालकीची असतात, आणि मुलं ती घरी बघतातच. त्याऐवजी बेंगळुरूचंच एक भांडार हाताशी आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ काढलं. तिथल्या गोष्टी कन्नड, मराठीसकट अनेक भाषांत आहेत आणि बहुतेक चित्रं खुल्या परवान्याची आहेत. चित्रकाराचं नाव देऊन ती वापरता येतात. आम्ही प्रत्येक चित्राखाली ते नाव ठळक लिहितो. पुस्तकाला लेखक असतो हे मुलांना माहीत असतं, चित्रकारही असतो हे पुष्कळांना इथेच कळतं.

तिसरी, तांबडी भिंत मात्र माझ्या मनातली. महाराष्ट्रातून आलेल्या बाईने वारली सुचवावी हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि मला वारली मनापासून प्रिय आहे. पण डहाणूकडच्या वारली घरात लग्नाचा चौक काढतात तो सवाशिणी, गेरूने सारवलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठाने, आणि त्यात पालघाट देवी असते. तो चौक शाळेच्या कॉरिडॉरमध्ये किनार म्हणून वापरलेला मला सोसत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कुडावरून कागदावर आणि जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडून घ्यायचं ते शेत, मासेमारी, नाच, झाडावर चढणारी माणसं, सगळं गाव.

आणि कर्नाटकात राहून कर्नाटकाची भिंत विसरायची कशी? शिवमोग्गा भागातल्या दीवरू समाजाच्या बायका ‘हसे चित्तारा’ काढतात. तीही लाल मातीच्या भिंतीवर, तांदळाच्या पांढऱ्या रेषांनी, तीही लग्नघरात. अंबाडीसारख्या झाडाच्या धाग्यांची कुंचली असते. सह्याद्रीच्या दोन वेगळ्या भागांतल्या बायकांना माती आणि तांदूळ हेच रंग सापडले, हे मुलांना दाखवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. म्हणून या भिंतीच्या एका अर्ध्यावर चित्ताराच्या भौमितिक जाळीचा अभ्यास, दुसऱ्या अर्ध्यावर वारली गाव. खाली दोन्ही प्रांतांच्या लोककथा.

चौथी भिंत रंगवलेली नाही. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, साधारण साडेतीन फुटांवर, तिथे एक लांब सॉफ्ट बोर्ड बसवला आहे. वाचलेल्या पुस्तकाचं चित्र काढून मूल ते तिथे स्वतः टाचतं. जागा भरली की जुनी चित्रं ज्याची त्याला परत जातात. स्नेहसंमेलनाच्या आधी ही भिंतही रंगवून टाकू या, असं अजून अधूनमधून सुचवलं जातं. मी नाही म्हणते. पैसे उरलेत तर ते पुस्तकांना द्या, कारण पेलिकनखालची फळी दुपारपर्यंत निम्मी रिकामी झालेली असते, आणि पक्ष्यांवरची कन्नड पुस्तकं आमच्याकडे फारच थोडी आहेत. त्यांची यादी मी ग्रंथपालबाईंकडे दिली आहे.