हदस्सा : एका सुगंधी झुडपाचे नाव

एस्तेर हे नाव मराठी मुलखाला परके नाही. ख्रिस्ती घरांत ते आढळते, आणि कोकणातील बेने इस्राएल कुटुंबांत तर त्याची ओळख जुनी आहे. परंतु याच राणी एस्तेरचे दुसरे, इब्री नाव हदस्सा होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. नसावे यात नवलही नाही. कारण अवघ्या बायबलात ते एकदाच, एस्तेरच्या ग्रंथातील दुसऱ्या अध्यायात, ओझरते येते.

इब्री भाषेत ‘हदास’ म्हणजे मर्टल हे सदाहरित झुडूप; त्यावरून हदस्सा. हिंदुस्थानात त्याला विलायती मेंदी म्हणतात, पण मेंदीशी त्याचा काही संबंध नाही. ते जांभूळ, पेरू आणि लवंग यांच्या कुळातले. पेरूचे फूल ज्याने निरखून पाहिले आहे, त्याला ही पाच पाकळ्यांची पांढरी फुले आणि त्यांतील केसरांचा दाट झुबका ओळखीचा वाटेल. पान उजेडासमोर धरले असता तेलाचे बारीक ठिपके दिसतात, आणि चुरगळले की सुगंध सुटतो. यहुद्यांच्या मंडपांच्या सणात खजुरीचा झाप, महाळुंग आणि वाळुंजाच्या डहाळ्या यांच्याबरोबर याच्या तीन डहाळ्या हाती धरतात. एकेका पेराशी तीन-तीन पाने फुटलेली डहाळी त्यासाठी उत्तम मानतात.

मुलीला हे नाव का पडले, याविषयी तल्मूदात मतभेद आहेत. नीतिमान माणसांना मर्टलची उपमा देतात म्हणून, असे एक मत. ती फार उंच नव्हती की ठेंगणी नव्हती, या झुडपासारखी मध्यम बांध्याची होती, असे दुसरे. हे दुसरे मत अधिक घरगुती, म्हणून अधिक गोड वाटते.

मात्र इराणच्या राजवाड्यात ती राहिली एस्तेर म्हणून. काही पंडित या नावाचा संबंध ताऱ्याच्या फारसी शब्दाशी लावतात, तर काही इश्तार देवतेशी. मर्दखयाच्या सांगण्यावरून तिने आपले कूळ कोणालाही कळू दिले नव्हते. हामानाने साऱ्या यहुद्यांच्या संहाराचा हुकूम काढल्यावर जिवावर उदार होऊन तिने ते राजापुढे उघड केले, आणि तिचे लोक वाचले. त्या सुटकेचा सण म्हणजे पुरीम. तो होळीच्या सुमारास येतो, म्हणून कोकणातले बेने इस्राएल त्याला होळीचा सण म्हणत.

हदस्सा हे नाव मागे पडण्यास भाषांतरांचाही हातभार लागला असावा. जुन्या ग्रीक भाषांतरात ते गळलेच. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात त्याचे ‘एदिस्सा’ झाले. पुढे 1912 साली पुरीमच्याच दिवसांत हेन्रिएटा सोल्ड यांनी न्यूयॉर्क येथे यहुदी स्त्रियांची संस्था उभारली, तेव्हा तिला एस्तेरचे नव्हे, हदस्साचे नाव मिळाले. यरुशलेमातील मोठे रुग्णालय आज त्याच नावाने ओळखले जाते.