मेक्सिको वाचावा तो भिंतींवर

परदेश पाहून आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो, 'काय काय पाहिलेस?' हा. तोही किल्ले, धबधबे आणि बाजार ह्यांची यादी देऊन मोकळा होतो. त्या यादीत त्या देशाचा माणूस क्वचितच असतो. ह्याचे कारण उघड आहे. चार-आठ दिवसांत भाषा येत नाही, घरी कोणी बोलावीत नाही. बोलायला मिळतात ते हॉटेलातले नोकर आणि टॅक्सीवाले, आणि तेही बिचारे पोटासाठी गोड बोलतात. मग तिथली माणसे एकमेकांशी काय बोलतात, कशावरून भांडतात, कोणाच्या नावाने बोटे मोडतात, हे कळावे कसे? माझे उत्तर असे की, त्यांचे चित्रकार आणि लेखक हे सारे आधीच बोलून गेलेले असतात. आपण जाऊन ते ऐकावे. हे उत्तर सर्वच देशांना सारखे लागू पडेल असा माझा दावा नाही. मेक्सिकोला मात्र ते चांगलेच लागू पडते, कारण तिथल्या चित्रकारांनी आपले म्हणणे श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत न टांगता सरकारी इमारतींच्या भिंतींवर मांडून ठेवले आहे.

कामगार संघटनांच्या एका बैठकीसाठी मी मेक्सिको शहरी गेलो होतो. बैठक आटोपल्यावर चार दिवस मोकळे मिळाले, ते मी ह्या भिंतींपाशी घालवले. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटावर झालेले. तेव्हा चित्रकलेची शास्त्रीय मीमांसा माझ्याकडून कोणी अपेक्षू नये.

आधी थोडा इतिहास. 1907 सालच्या जानेवारीत रिओ ब्लांको येथील कापडगिरण्यांच्या कामगारांवर लष्कराने गोळ्या घातल्या. कारण आपल्या ओळखीचेच होते: मालकांनी पुकारलेली टाळेबंदी, आणि गिरणीच्या दुकानातली उधारी, जिच्यात पगार हातात पडण्यापूर्वीच संपत असे. तीन वर्षांनी, 1910 साली, क्रांती पेटली. 1917 च्या राज्यघटनेत आठ तासांचा दिवस आणि संपाचा हक्क ही दोन्ही कलमे आली. पण घटना वाचणार कोण? बहुसंख्य जनता निरक्षर. 1921 साली शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोस ह्या गृहस्थाने शाळा आणि स्वस्त पुस्तके तर काढलीच, शिवाय चित्रकारांना बोलावून सरकारी इमारतींच्या भिंती त्यांच्या हवाली केल्या. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही भिंत वाचता येते.

इथून पुढची हकिगत माझ्या जिव्हाळ्याची आहे. ह्या चित्रकारांनी पहिल्याप्रथम काय केले असेल, तर युनियन काढली! तंत्रकामगार, चित्रकार आणि मूर्तिकार ह्यांची ती संघटना. दाविद आल्फारो सिकेरोस तिचा सरचिटणीस. दिएगो रिव्हेरा, होसे क्लेमेंते ओरोस्को ही मंडळी तिच्यात होती. एकट्या धनिकाच्या भिंतीवर लटकणारे चित्र आम्हांला नको, सर्वांच्या मालकीचे चित्र हवे, असा त्यांचा जाहीरनामा होता. 1924 साली त्यांनी वर्तमानपत्र काढले, त्याचे नाव 'एल माचेते'. माचेते म्हणजे ऊस तोडायचा कोयता. ह्या नावाची धार आपल्या ऊसतोडणीवाल्यांना समजावून सांगायला नको.

युनियन फार काळ टिकली नाही. एका घरात तीन आचारी असल्यावर जे व्हायचे तेच झाले. पण कामाची पद्धत मुळात मजुरीचीच होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय ही चित्रे समजत नाहीत. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावरचे चित्र. चुना भिजवून मुरवायचा, वाळू किंवा संगमरवराची भुकटी घालून मळायचा, आणि गवंड्याने भिंतीला थरावर थर द्यायचे. शेवटचा पातळ थर मात्र त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच भागावर चढवतात. रंग नुसत्या पाण्यात खललेले असतात, त्यांत डिंक नाही की तेल नाही. गिलावा ओला आहे तोवर, म्हणजे काही तासांत, चित्रकाराने हात उरकायचा. पुढे चुना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडात अडकून बसतो. चूक झाली तर पुसता येत नाही; तेवढा गिलावा खरवडून गवंड्याने पुन्हा लावायचा. तेव्हा गवंडी पहाटे आला नाही तर दिएगो रिव्हेरासारख्या नामांकित माणसाचाही दिवस बुडाला! चित्राखाली सही एकाची असते; पण निरखून पाहिल्यास एका दिवसाच्या गिलाव्याला दुसऱ्या दिवसाचा जोड कुठे बसला ते दिसते. मी मार्गदर्शकाचे बोलणे सोडून बराच वेळ हे जोडच शोधीत होतो.

रिव्हेराने 1923 ते 1928 ह्या काळात शिक्षण मंत्रालयाच्या दोन चौकांभोवती शंभरावर चौकटी रंगवल्या. 2024 साली ह्या वास्तूत भित्तिचित्रांचे संग्रहालय झाले. पहिला चौक श्रमाचा आहे: विणकर, रंगारी, ऊस गाळणारे, खाणीत उतरणारे मजूर. त्यांतल्या एका चित्रापुढे माझे पाय थांबले. खाणीतून वर आलेला मजूर दोन्ही हात पसरून उभा आहे आणि पहारेकरी त्याची झडती घेत आहे. कोणी म्हणतात तो क्रुसावरच्या ख्रिस्तासारखा दिसतो. मला तो गिरणीच्या फाटकावरच्या माणसासारखा दिसला. माझे वडील मुंबईत साचेवाले होते. 1982 च्या संपात बाहेर पडले ते पुन्हा आत गेले नाहीत. पाळी सुटताना हात वर करून उभे राहण्याचे ते सांगत, तेव्हा पगाराविषयी बोलताना चढत नसे इतका त्यांचा आवाज चढे. हे चित्र त्यांना दाखवता आले असते तर शीर्षक वाचायची त्यांना गरज पडली नसती.

दुसऱ्या चौकात, तिसऱ्या मजल्यावर, 'आमची भाकर' ह्या अर्थाच्या नावाचे एक चित्र आहे. मेजाभोवती माणसे बसली आहेत आणि प्रमुख स्थानी बसलेला एकजण पाव मोडून देत आहे. हा माणूस आपल्या वऱ्हाडा-नागपुराकडचा आहे, असे सांगितले तर खरे वाटेल काय? ते आहेत डॉ. पांडुरंग खानखोजे. जन्म 1884, वर्धा. अमेरिकेत गदर पक्षाच्या उभारणीत त्यांचा हात होता. पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत झुंज दिली. इंग्रजांनी मायदेशाची वाट बंद केल्यावर ते मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक झाले. मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्याच चापिंगोच्या जुन्या प्रार्थनागृहात रिव्हेरा तेव्हा भिंती रंगवीत होता. एका परक्या मुलखाच्या चित्रकाराला पाव वाटण्यासाठी हा माणूस योग्य वाटला, आणि आपल्याकडे 1967 साली नागपुरास ते वारले तेव्हा किती जणांना त्यांचे नाव ठाऊक होते? 2022 साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रिव्हेराच्या भिंतीवर जमिनीचे वाटप मोठ्या समारंभाने चालले आहे; कागद उलगडले आहेत, गावकरी दाटीने उभे आहेत. तेवढेच पाहून परतलो असतो तर क्रांती सफळ झाली असे इथे येऊन सांगितले असते. पण प्रवासात बरोबर हुआन रुल्फोचे पुस्तक होते. टायरच्या कंपनीत नोकरी करून देशभर हिंडलेला हा माणूस. 1953 साली त्याचा कथासंग्रह आला. त्यातली एक कथा जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांचीच आहे. चार माणसे उन्हातून चालली आहेत. मिळालेली जमीन म्हणजे पाण्याचा थेंब नसलेले कडक माळरान, नांगर रुतणार नाही असे. नदीकाठची सुपीक जमीन दुसऱ्यांची. सरकारी प्रतिनिधीला सांगू जावे तर तो म्हणतो, तक्रार लेखी द्या. ही ओळ वाचताना मी विमानात मोठ्याने हसलो आणि शेजारी बसलेल्या बाई दचकल्या! तीस वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला तो प्रतिनिधी तोंडपाठ असतो. भिंत वचन सांगते, गोष्ट वसुली सांगते. दोन्ही एकत्र वाचावीत.

भिंतींवरही सगळे भाट नव्हते. ओरोस्कोला 1940 च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाची भिंत मिळाली, आणि त्याने तिथे न्यायदेवताच आसनावर पेंगताना दाखवली! न्यायमूर्ती रुष्ट झाले, चित्र मात्र राहिले. अमेरिकेत उलटे घडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये रिव्हेराने लेनिनचा चेहरा काढला, तेव्हा मालकांनी काम थांबवून 1934 साली भिंत फोडून टाकली. त्याने तेच चित्र मेक्सिकोच्या ललितकला भवनात पुन्हा काढले. मेक्सिकोचे सरकारही काही साधू नव्हते. ज्या सिकेरोसला त्याने भिंती दिल्या, त्याच सिकेरोसला 1960 ते 1964 तुरुंगात ठेवले, आणि चापुल्तेपेक किल्ल्यातले त्याचे चित्र अर्धे राहिले. त्यात कानानेआ खाणीतल्या 1906 च्या संपाचे दर्शन आहे. सुटून आल्यावर त्याने ते पुरे केले.

शेवटच्या दिवशी मी वीज कामगारांच्या युनियनच्या इमारतीत गेलो. तिथे जिन्याच्या भिंती आणि छत मिळून सिकेरोस व त्याच्या सोबत्यांनी 1939-40 मध्ये एक अखंड चित्र केले आहे. चुना नाही, कुंचल्याचेही राज्य नाही. मोटारींना देतात तो रंग फवाऱ्याने सिमेंटवर मारलेला. नाणी ओतणारे राक्षसी यंत्र, पोपटाच्या तोंडाचा भाषणबाज पुढारी. सिकेरोस मधेच पळाला, कारण ट्रॉट्स्कीच्या घरावरील हल्ल्यात त्याचा हात होता. चित्र पुरे केले ते स्पेनहून निर्वासित होऊन आलेल्या होसेप रेनाऊने. ते एका जागी उभे राहून पाहायचे नाहीच. जिना चढणारा सभासद जसजसा वर जातो तसतशी आकृती वळते आणि यंत्र त्याच्या अंगावर येते. म्हणजे वर्गणी भरायला किंवा गाऱ्हाणे सांगायला आलेल्या माणसाची चाल मोजून हे चित्र बेतले आहे. तो पोपटाच्या तोंडाचा पुढारी, आमच्या धंद्यातल्या मंडळींना रोज वर जाताना दिसेल अशाच जागी आहे. मी तो जिना तीनदा चढलो-उतरलो; दारावरच्या म्हाताऱ्याने तिसऱ्या वेळी मला बसायला खुर्ची आणून दिली.