लाकडी वाडा आणि दगडी छप्पर

घर वाकले की आपण टेकू लावतो, नाही तर पाडतो. इंग्लंडात चेशायर परगण्यात लिटल मोर्टन हॉल नावाचा एक वाडा आहे. तो सुमारे चारशे वर्षे वाकडाच उभा आहे!

मोर्टन हे जमीनदार घराणे. इ. स. १५०४ च्या सुमारास त्यांनी हा वाडा बांधायला घेतला आणि पुढची शंभर वर्षे त्यात भर घालीत राहिले. भोवती पाण्याचा खंदक, मध्ये चौक. पाया दगडाचा, पण वरचा सगळा भार ओकच्या लाकडावर. त्या काळी ओक ओला असतानाच कापीत. ओले लाकूड तासायला सोपे, आणि वाळले की लोखंडासारखे कठीण. एका तुळईला भोक पाडायचे, दुसरीचे टोक तासून त्यात बसवायचे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. चौकटींच्या मधल्या जागा अशा घरांत कुडाने भरीत. वर माती, शेण नि काडाचा गिलावा. हे काम आपल्या मंडळींना नव्याने सांगायला नको.

मग मालकाला हौस आली. पावसापाण्याच्या दिवसांत घरातच फेऱ्या मारता याव्यात म्हणून अगदी वरच्या मजल्यावर सुमारे ६८ फूट लांबीचे दालन चढविले. हे मूळच्या बेतात नव्हते. त्यावर छप्पर घातले तेही जाड दगडी फरश्यांचे! त्या वजनाने खालचे मजले दबले, खांब बाहेर झुकले. पण खुंट्यांचे सांधे थोडे हलतात, तुटत नाहीत. विटांची भिंत असती तर केव्हाच तडकली असती.

चौकाकडील खिडक्यांवर १५५९ साल कोरलेले आहे. मालकाच्या नावाबरोबर तिथे सुताराचेही नाव आहे: रिचर्ड डेल. बांधणाराचे नाव असे किती वाड्यांवर सापडते?

१६४० नंतरच्या यादवी युद्धात मोर्टन राजाच्या बाजूने राहिले आणि कर्जात बुडाले. पुढे वाडा शेतकरी कुळांकडे गेला. पैसा असता तर मालकांनी तो पाडून बहुधा नवा विटांचा बांधला असता. १९३८ मध्ये तो नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. दालनाला आता आधार दिला आहे. जमीन मात्र अजून लाटेसारखी वरखाली आहे.