दादासाहेब फाळके दोन महिन्यांत सिनेमा शिकून आले, हे कितपत खरं?

परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' तुम्ही पाहिला असेल. फाळके एका तंबूत सिनेमा बघतात, वेडे होतात, लंडनला जातात आणि परत येऊन 'राजा हरिश्चंद्र' बनवतात. तारखा बघितल्या तर चक्रावायला होतं. १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले आणि १ एप्रिलला मुंबईत परत! त्यात बोटीचा प्रवासही आला. म्हणजे प्रत्यक्ष शिकायला मिळाले ते काही दिवसच.

एवढ्यात कोणी सिनेमा शिकतं का?

नाही शिकत. पण फाळके लंडनला गेले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती आणि सिनेमाला लागणारी बहुतेक कामं त्यांच्या हातात आधीच बसलेली होती. फक्त ती वेगवेगळ्या धंद्यांत विखुरलेली होती.

त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. कलाभवनचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी या मुलाला तिथला फोटो स्टुडिओ वापरू दिला. त्या काळी फोटोग्राफी म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हतं. काच कशी धुवायची, रसायनं किती घ्यायची, अंधाऱ्या खोलीत किती वेळ थांबायचं, उन्हाचा अंदाज कसा बांधायचा, हे सगळं फोटोग्राफरलाच करावं लागे. पुढे रतलामला जाऊन ते तिरंगी छपाईचे ब्लॉक बनवायला शिकले.

मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तो बरा चालत होता, पण १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. फाळक्यांनी गाव सोडलं. बडोद्यात पुन्हा स्टुडिओ थाटला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेना. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही शिकले. आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते खेळ करत! (पुढे पडद्यावर देव प्रकट आणि गुप्त करताना ही नजरबंदीची समज कामाला आली असणार, असं मला वाटतं.)

त्यानंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला छपाईचा स्वतःचा कारखाना, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम. १९०९ मध्ये यंत्रं आणायला जर्मनीची वारीही झाली. पण भागीदारांशी पटेना, तेव्हा तेही सोडलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, या माणसाचं एकही काम धड तडीस जात नाही. घरच्यांना काय वाटत असेल याची कल्पनाच करा.

अशातच १९११ मध्ये गिरगावात 'लाइफ ऑफ क्राइस्ट' पाहिला. पडद्यावर येशू बघताना त्यांना राम-कृष्ण दिसायला लागले. मग रोज संध्याकाळी चार-पाच तास सिनेमे बघणं, घरी छोट्या कॅमेऱ्यावर प्रयोग आणि झोप जवळपास नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. त्यानंतर विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढलं आणि बोट पकडली. नजर आणि विमा, दोन्ही पणाला लावून झालं होतं.

लंडनमध्ये ते थेट 'बायोस्कोप' या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी सावध केलं, मग निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळक्यांनी चित्रीकरण जवळून पाहिलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेतलं. हलतं चित्र कसं टिपायचं, एवढीच एक कडी राहिली होती. ती तिथे जुळली.

परतल्यावर पहिला प्रयोग होता कुंडीतल्या वाटाण्याचा. दाणा रुजून वेल होईपर्यंत महिनाभर थोडी थोडी फिल्म फिरवत त्याची वाढ टिपली. पडद्यावर ती डोळ्यांदेखत झरझर झाली आणि पैसे लावणारे सावकार तयार झाले. आज आपण मोबाइलवर 'टाइमलॅप्स' करतो, ते हेच.

एक माणूस मात्र या गोष्टीत नेहमी मागे राहतो. सरस्वतीबाई फाळके. कोरी फिल्म तेव्हा कडेच्या भोकांशिवाय यायची. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं. 'राजा हरिश्चंद्र' होता सुमारे ३,७०० फूट! ही भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई रात्री अंधारात करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवायलाही त्या शिकल्या. दिवसा पुन्हा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच. त्यांना शिकायला कोणतंही कलाभवन नव्हतं.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. पुढच्याच वर्षी फाळके पुन्हा लंडनला गेले, पण या वेळी पेटीत स्वतःचे चित्रपट होते.