मोटारीतील कापडी बैठका व गालिचे : घरच्या घरी स्वच्छता

भुसार व्यापाऱ्याची मोटार म्हणजे पेढीची दुसरी गादीच होय. सकाळी तिच्यातून तुरीचे व हरभऱ्याचे नमुने मोंढ्यावर जातात आणि सायंकाळी त्याच बैठकीवर घरची मुलेबाळे बसून मंदिरास जातात. पेढीवरील गादीची खोळ आपण वेळोवेळी बदलतो. मोटारीच्या बैठकीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. धान्याची धूळ श्वासावाटे गेल्यास दमेकऱ्यास व लहान मुलांस अपाय होतो, म्हणून हा विषय क्षुल्लक समजू नये.

कापडाच्या पोटात केवढी धूळ साठते, हे इंग्लंडमधील अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ याने १९०१ साली दाखविले. उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढली, तेव्हा रुमालावर धुळीचा काळा ठसा उमटला. त्याच तत्त्वावर त्याने धूळ ओढणारे यंत्र बनविले.

आपल्या निर्णा परिसरातील मोटारीत बिदर पठाराची तांबडी माती व कलबुर्गीकडील काळी माती, या दोहोंचा संचय होतो. गुलबर्गा तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु त्याच डाळीची चुरी गालिच्यात रुतून बसते, हेही तितकेच खरे! काळी माती पाण्याने फुगून चिकट होते आणि डाळीच्या पिठाची पाण्याने खळ बनते. यास्तव मुख्य नियम एकच : आधी कोरडे काम, पाणी सर्वांत शेवटी व तेही बेताचे.

प्रथम पायाखालील जाजमे बाहेर काढून झटकावीत. नंतर नाकातोंडास फडके बांधून, मऊ कुंच्याने बैठकीच्या शिवणी व कोपरे वरून खाली झाडावेत. हे काम दिवसाउजेडी करावे, म्हणजे सोंडे, भुंगेरे दृष्टीस पडतील. ते कागदावर अलगद घेऊन सावलीत सोडावेत. मग यंत्राने धूळ ओढून घ्यावी.

एक लिटर गाळलेल्या कोमट पाण्यात लोकरी कपड्यांचा सौम्य द्रवसाबण चमचाभर घालून घुसळावा. पाणी न घेता केवळ फेसच ब्रशावर घ्यावा व हळुवार चोळावे. नंतर ओलसर व लगेच कोरड्या पांढऱ्या फडक्याने टिपून घ्यावे. बैठकीखाली व बाजूस विजेच्या तारा व हवापिशव्या असतात, म्हणून तेथे पाणी ओतू नये. दारे उघडी ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळवावे. ओल राहिल्यास बुरशी धरते व जीवोत्पत्ती होते. चातुर्मासात हे विशेष जपावे.

तेलाच्या डागावर खाण्याचा सोडा टाकून तासाभराने झाडावा. दूध सांडल्यास थंड पाण्यानेच टिपावे. हळदीचा डाग साबणाने लाल झाला तरी घाबरू नये. उन्हाने तो फिका पडतो. तांबड्या मातीवर ब्लीचिंग पावडर वापरू नये, कारण डाग राहतो आणि कापडाचा रंग मात्र जातो.

शेवटी एक गंभीर सूचना. गोदामात धुरीसाठी वापरावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मोटारीतून कदापि नेऊ नयेत, किंवा कीड लागली म्हणून मोटारीत ठेवू नयेत. हवेतील ओलाव्यानेही त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो व त्यावर उतारा नाही. अशी गोळी गालिच्यात सांडल्याचा संशय आला, तर पाणी न घालता दारे उघडी टाकून दूर व्हावे व तज्ज्ञास बोलवावे. पाण्याचा एक शिंतोडाही तेथे प्राणावर बेतेल.

धान्याचे नमुने घट्ट झाकणाच्या डब्यांतून न्यावेत आणि आठवड्यातून एकदा कुंचा फिरवावा. एवढे केले असता, धुण्याचा प्रसंग वर्षातून दोनदाच येईल. गिऱ्हाईक आपल्या मालाची पारख करते, तशी आपल्या बैठकीचीही करते, हे व्यापारी बंधूंनी ध्यानी ठेवावे.